कोण पावणं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१० जानेवारी २०२५

प्रिय धैर्या,

फोनवर तू मला बंद केलंस, म्हणून कागद. तुम्हा दोघांचा म्हैसूरचा हा पत्ता कृष्णातने एकदा फराळ पाठवायला दिला होता. बदलला असेल तर पत्र परत येईल, आणि ते मीच सही करून घेईन. घरात पोस्टमनला दार मीच उघडते, त्यामुळे काळजी करू नकोस.

डिसेंबरात तू जे बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "आक्का, पुस्तक पेठेत कोण वाचतंय? पण पिक्चर सगळी बघतात. त्या दाराचा सीन जर पडद्यावर आला तर मला बहीण न्हाई." मी काही म्हणायच्या आत फोन ठेवलास. तुझ्या आवाजात राग होता तेवढीच भीतीही होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती हे मला कळलं. आबांना तालमीच्या कट्ट्यावर कुणी बसू देणार नाही, एवढंच तुझ्या डोक्यात असणार. म्हणून मी तुझ्यावर रागावले नाही. थोडी रागावले.

तू माझं पुस्तक एकदाच वाचलंस, तेही संतापात. म्हणून शेवट पुन्हा सांगते. मुलगा बापाला खरं सांगतो आणि गाव सोडतो. थोड्या दिवसांनी त्याचा मित्र दारात येतो. हा मित्र त्याच बापाच्या हाताखाली फुटबॉल शिकून मोठा झालेला, घरात जेवलेला, ओसरीवर झोपलेला. हातात बुटांची पिशवी. बाप त्याच्याकडे बघतो आणि विचारतो, "कोण पावणं? कुणाकडं?" मित्र पिशवी उंबऱ्यावर ठेवून निघून जातो. पुस्तक संपतं.

आपल्याकडे पावणं कुणालाही म्हणतात. एसटीत शेजारी बसलेल्याला, पत्ता विचारणाऱ्याला. पण ज्याला आबांनी वर्षानुवर्षं "कृष्ण्या, डोळं फुटलं का?" म्हणून मैदानावर शिव्या घातल्या, त्या पोराला पावणं म्हणायचं, हे मला मारण्याहून वाईट वाटलं होतं. मी तेव्हा गारगोटीला शिकवत होते, शनिवारी घरी यायची. त्या दुपारचं तूच मला फोनवर सांगितलंस आणि तुला कृष्णातने. तू आबांना सगळं सांगून टाकलंस हे त्याला दारात उभं राहीपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. पिशवी मात्र मी घातली. रिकाम्या हाताचा माणूस लिहिता येईना.

आता त्यावर पिक्चर करणाऱ्या शिवानीबद्दल. गारगोटीच्या माझ्या वर्गात होती, अजून आपल्याकडच्या पोरींसारखी "मी येतो, मी जातो" म्हणते. मोठ्या कंपनीचा पिक्चर नाही. पाच-सहा मित्र, उसना कॅमेरा, नट भाकरी-पिठलं खाऊन काम करणारे. दोन मुलांचं प्रेम तिने मान खाली न घालता दाखवायचं ठरवलंय, आणि मला ते आवडलंय. दाराचा सीन पाच फेब्रुवारीला आहे. तिने मला शब्द दिलाय, "मॅडम, तुम्ही त्याच्या आत नको म्हंटला तर मी नाही करत." तेव्हा आत्ता सगळं माझ्या एका शब्दावर आहे आणि माझा शब्द तुझ्यावर. 'कर' किंवा 'नको', एवढं लिहिलंस तरी चालेल.

आबांना यातलं काही माहीत नाही. फुटबॉलचा पिक्चर आहे एवढंच त्यांना ठाऊक. पुस्तकही त्यांनी वाचलेलं नाही. आत्ताच डेअरीवरनं दूध घेऊन आले, ती पोचे पडलेली किटली नेहमीसारखी ओट्यावर आपटली. म्हणून इथे थांबते.

तुझी
आक्का


१९ जानेवारी

प्रिय धैर्या,

तुझं काही आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे पोहोचलं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आबा शूटिंगला जातात. मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीपासून जातात, रोज सकाळी, गांधी मैदानावर.

झालं असं की शिवानीची दोन्ही मुलं दिसायला चांगली, पण बॉलला पाय लावला की बघवत नाही. आबा भाजी आणायला निघाले होते. कडेला उभे राहून थोडा वेळ बघितलं, मग पिशवीसकट आत गेले. "लेका, बोटानं मारायलईस? त्यो बॉल हाय, का गल्लीतलं कुत्रं?" त्या दिवशी भाजी आली नाही. दुसऱ्या दिवशी टोपी, शिट्टी आणि जुना ट्रॅकसूट. तालमीच्या टीमचे जुने गोलकीपर हंबीरराव सत्तरी ओलांडून पुन्हा मैदानात, म्हणून कट्ट्यावरची माणसं बघायला जमली.

तालमीचे अध्यक्ष विजयसिंह सगळ्यांत पुढे. "आबा, हिरो दोन-दोन दिसायलेत, हिरॉईन कुठं हाय?"

"गोलकीपरला हिरॉईन लागती व्हय?" आबा म्हणाले. "आम्ही बॉल सोडून कुणाला मिठी मारली न्हाई."

सगळे हसले. शिवानी हसली. मी पण हसले, जरा उशिरा.

त्या दोघांतला आर्यन तुझ्या मित्राचं काम करतो. कागलकडचा आहे, हडकुळा, सतत नाक ओढणारा. आबांना तोच आवडतो. परवा त्याचा घोटा मुरगळला तर स्वतः खाली बसून पट्टी बांधली. बांधता बांधता म्हणाले, "तुझ्यासारखाच एक होता माझ्याकडं. असाच आडवातिडवा पळायचा. पर बॉल कुठं पडणार ते त्याला आधी कळायचं." आर्यनने विचारलं, "आता कुठं असतोय?" आबांनी पट्टीची गाठ मारली, दोनदा मारली, आणि उठले. "चल, उभा ऱ्हा," म्हणाले.

मी पाच पावलांवर उभी होते. पाणी प्यायचं निमित्त करून वळले.

धैर्या, मी त्यांना मैदानावरून परत आणू शकत नाही. तू गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी बघितलं नव्हतं. आणि तिथे राहू देणंही बरोबर नाही, कारण ती दोन मुलं मैदानाच्या बाहेर कुठले सीन करतात हे त्यांना सांगितलेलं नाही. शिवानी म्हणते, सांगून टाकू. मी तिला म्हणते, थांब. कशासाठी थांब ते तिला सांगता येत नाही. तुला सांगते. त्यांना कळलं आणि त्यांनी आर्यनलाही दारातल्यासारखं पावणं म्हटलं, तर ते मला यावेळी समोर उभं राहून ऐकावं लागेल.

'कर' किंवा 'नको'.

आक्का


२७ जानेवारी

प्रिय धैर्या,

काल कृष्णातचा फोन आला. सांगू नका असं तो म्हणाला नाही, म्हणून सांगते. तू पत्रं वाचतोस आणि पुन्हा पाकिटात घालून पाकीट चिकटवून ठेवतोस, हेही त्याने सांगितलं. लहानपणी प्रगतिपुस्तकाचं तू असंच करायचास.

त्याचा आवाज बदललाय, मधेमधे कानडी हेल येतो. आधी आबांच्या गुडघ्याचं विचारलं. मग म्हणाला, "आक्का, तुम्ही दोघं भाऊ-बहीण माझ्यावरनं भांडायला लागलाय. पावणं मला म्हंटलं आबांनी. मला कुणी इचारलं व्हय?"

मी तर पुस्तक लिहितानाही नव्हतं विचारलं.

"सीन ठेवा," म्हणाला. "खरं सांगू काय, मला तो बघायचाय. त्या दिवशी मी बघितलाच न्हाई. मान खाली घालून उभा होतो, आबांचं तोंड कसं झालं होतं ते मला ठाऊक न्हाई. पर एक चुकलंय तुमचं. माझ्या हातात बुटाची पिशवी न्हवती. किटली होती."

"कसली किटली?"

"दुधाची. आमची म्हैस व्यालती. तुमच्या घरी दरवेळी चीक कोण आणून द्यायचं? मीच की. आईनं भरून दिली, म्हणाली आबास्नी खरवस आवडतोय, आधी तिकडं दे. म्हणून आलतो. उंबऱ्यावर ठेवली आन् गेलो. घरी आईला सांगितलं, किटली हरवली. अजून बोलती ती. तळाला तिचं नाव कोरलंय."

मी फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात गेले. किटली धुऊन पालथी घातली होती. पोचे पडलेली, कडी एकदा तारेने बांधलेली. ती घरात कधी आली ते मला आठवत नव्हतं. तळाला 'बा. द. पा.' अशी अक्षरं आहेत, ती मी हजारदा घासली आहेत. लग्नाकार्यात भांड्यांची अदलाबदल होते, तसं कुणाचं तरी आलं असेल म्हणून कधी विचार केला नाही.

"तुझ्या आईचं नाव काय रे पूर्ण?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"बाळाबाई दत्तू पाटील. का?"

मी त्याला सांगितलं. आबा रोज सकाळी त्याच किटलीतून दूध आणतात. सर्दी असली तरी स्वतः जातात, मला पाठवत नाहीत. मागे मी झाकणाचा नवा स्टीलचा डबा आणला होता, तो त्यांनी डाळीला लावला.  कृष्णात एवढंच म्हणाला, "कडी निघाली आसंल तिची." मी म्हटलं, निघाली होती, आबांनी तार बांधली.

धैर्या, मी त्या दारावर अख्खी कादंबरी लिहिली आणि ओट्यावरची तीन अक्षरं वाचली नाहीत. पण त्याहून मला दुसरंच घाबरवतंय. आबांना ती अक्षरं ठाऊक आहेत. इतकी वर्षं ठाऊक आहेत. म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते मला काहीच ठाऊक नाही, आणि मी मात्र त्यांना जपतेय असं समजून सगळ्यांशी खोटं बोलतेय.

किटलीबद्दल मी शिवानीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते आपल्या घरातलं आहे. पुस्तकात गेलं तेवढं पुरे.

आक्का


३ फेब्रुवारी

प्रिय धैर्या,

हे पत्र पाच तारखेच्या आत तुला मिळणार नाही. तरी लिहिते, कारण घरात बोलायला कुणी नाही आणि जे आहेत ते पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून बसलेत.

काल संध्याकाळी विजयसिंह आले. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले. कुणीतरी मोबाईलवर त्यांना पिक्चरची बातमी दाखवली होती.

"हंबीरराव, पोरीला समजवा. दोन गड्यांचा पिक्चर हाय म्हणं ह्यो. आन् तुम्ही तिथं शिट्ट्या मारायलाय."

आबा कात्रीने मिशा कापत होते. आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. "मग?"

"मग काय मग? तालमीचं नाव जातंय. पाच तारखेला गल्लीत कॅमेरा लागला तर पोरं गप्प बसणार न्हाईत. मी आधी सांगून ठेवतोय."

"पिक्चरात तालमीचं नाव हाय?"

"नाव न्हाई, पर कळतंय की सगळ्यास्नी."

"कुणाला काय कळतंय?"

विजयसिंहांनी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. तुझं नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. आबांनाही दिसलं असणार. त्यांनी कात्री खाली ठेवली, मिशीचे केस कागदात गोळा केले, कागदाची पुडी केली. "विज्या," म्हणाले, "तू फायनलला पेनल्टी बाहेर मारलीस तवा तालमीचं नाव गेलं न्हाई. आता काय जातंय? आत ये, च्या घे, न्हाईतर दारात उभा ऱ्हाऊ नको, वारं अडतंय."

विजयसिंह निघून गेले.  मला वाटलं आता आबा विचारतील. नाही विचारलं. मी वाट बघत होते आणि ते पुडी कचऱ्यात टाकून हात धूत होते.

मी बाहेर जाऊन शिवानीला फोन केला आणि सांगितलं, दाराचा सीन नको. तुझ्यासाठी, आबांसाठी, गल्लीतल्या पोरांच्या दगडांसाठी. ती भांडली नाही. "बरं मॅडम," म्हणाली. "मी दिलेला शब्द पाळतो. फक्त एक सांगा, मग पिक्चर संपवू कुठं?" नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला.

तर धैर्या, तू जिंकलास. तो सीन होणार नाही, असं मी आज दुपारी तुला लिहिणार होते आणि पत्र तिथेच संपणार होतं.

पण मगाशी जेवताना आबा म्हणाले, "परवा दाराचा सीन हाय न्हवं? बापाचं काम करणाऱ्या त्या पुण्याच्या माणसाला आपलं बोलणं जमंना. शिवानीनं मला बोलवलंतं."

मी म्हटलं, "तो रद्द झाला."

"कुणी केला?"

"मी."

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो विरघळेपर्यंत तसाच धरला. "का?" असं ते विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवत होते. 

"कर म्हणावं तिला," म्हणाले.

मग ताट घेऊन उठले.

तुझ्या 'कर' किंवा 'नको'ची मी महिनाभर वाट बघितली. ते भलत्याकडून आलं. आता मी काय करू ते मला तरी सांगता येत नाही. शिवानीला मात्र मी पुन्हा फोन केलाय.

आक्का


८ फेब्रुवारी

प्रिय धैर्या, प्रिय कृष्णात,

हे पत्र दोघांना आहे. धैर्या, तू वाचून पाकीट चिकटवलंस तर कृष्णातने ते उघडावं.

पाच तारखेला सीन झाला. आपल्या घराच्या मागच्या गल्लीतलं एक दार शिवानीने घेतलं होतं, तसंच दगडी उंबऱ्याचं. गल्लीच्या तोंडाला तालमीची पोरं येऊन थांबली होती. विजयसिंह नव्हते. पोरं नुसती हाताची घडी घालून उभी होती आणि त्यांच्याकडे बघून कॅमेरावाला मुलगा तीच लेन्स पुन्हा पुन्हा पुसत होता.

पुण्याहून आलेले नट चांगले आहेत, पण त्यांच्या तोंडी ते वाक्य बसेना. "कोण पाहुणे?" म्हणायचे, मग "कोण पावणं?" म्हणायचे, पण अशा सुरात की जणू चहाच विचारतायत. शिवानीने आबांकडे बघितलं. आबा खुर्चीवरून उठले.

"पावणं दोन असत्यात," त्यांनी नटाला सांगितलं. मैदानावर समजावतात तसं, हाताने हवेत रेघ मारून. "एक रस्त्यावरचा. त्याला पावणं म्हंटलं की आवाज वर जातोय, कारण त्यो लांब हाय आन् लांबच ठेवायचा हाय. दुसरा घरचा, सोयरा. जावई आला, व्याही आला, तरी आपण पावणंच म्हणतोय. पर तवा आवाज खाली येतोय, आन् बोलायच्या आधी हात पाण्याच्या तांब्याकडं जातोय. शब्द एकच." मग शिवानीकडे वळून विचारलं, "ह्यो पोरगा ह्यातला कुठला?"

 शिवानीने माझ्याकडे बघितलं. आर्यन पिशवी धरून उभा होता, त्याने मान खाली घातली. गल्लीच्या तोंडाची पोरंसुद्धा ऐकत होती.  'मित्र' म्हणायचं, तर शिवानीचा पिक्चर खोटा पडला असता. खरं म्हणायचं, तर त्या पोरांसमोर.

आबांनीच उत्तर दिलं. "तवा पैला," म्हणाले.

सगळ्यांना वाटलं सीनबद्दल बोलतायत. 'तवा' फक्त मी ऐकलं.

मग ते आर्यनजवळ गेले, हातातली पिशवी काढून घेतली. "ही न्हवं. थांबा जरा." आणि गल्लीतून चालत घरी गेले. पोरांनी वाट दिली. परत आले तेव्हा हातात किटली होती. आर्यनच्या हातात दिली, कडीवरची बोटं नीट करून दिली. "जड हाय असं धर. भरलेली हाय ती."

आणि नटाला बाजूला करून स्वतः दारात उभे राहिले. दाखवतो म्हणाले, एकदाच. शिवानीने हळूच कॅमेरावाल्याच्या खांद्याला हात लावला.

आर्यन आला. उंबऱ्याशी थांबला. आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि आवाज वर नेला, "कोण पावणं? कुणाकडं?"

मी ते वाक्य लिहिलंय, तपासलंय, छापलेलं वाचलंय. ऐकलं पहिल्यांदा. कृष्णात, तू मान खाली घातली होतीस म्हणून सांगते. त्यांचं तोंड रागाचं नव्हतं. बॉल गोलमध्ये गेल्यावर गोलकीपर मागे वळून जाळीकडे बघतो ना, तसं होतं.

आर्यनने किटली खाली ठेवली, वळला, गेला. सीन तिथे संपतो. आबा उभेच राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, किटली उचलली आणि तिचा तळ धोतराला पुसला. शिवानीने 'कट' म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडाचं एक पोरगं म्हणालं, "चला लेको, गिराऊंडवर." आणि ती गेली.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. विचारायचं धाडस मला होत नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे पाठ करून विचारलं. "कधीपासून माहीत होतं, पिक्चर कशाचा आहे ते?"

"तुझं पुस्तक आलं तवाच वाचलंय की. तू कॉलेजला गेलीस की वाचायचो. त्यात किटली न्हवती, म्हणून म्हंटलं, हिला ठाऊक न्हाई."

"मग परत का नाही दिली?"

 तुम्हाला सांगायचं ते हेच आहे, त्यांच्याच शब्दांत.

"दुसऱ्याचं भांडं मोकळं परत देत न्हाईत. चिमूटभर साखर तरी घालत्यात. आता भरून द्यायची, तर काय म्हणून द्यायची? कोण लागतोय त्यो आमचा? ते मला ठरवता येईना. मोकळी देता येईना, भरून देता येईना. म्हणून वापरली. घरात ऱ्हायली तर निदान घरात ऱ्हायली."

"आणि चीक?"

"चीक टाकायचा नसतोय. वाफवला. मला कुठं जमतोय, फुटला. एकट्यानं खाल्ला." मग म्हणाले, "तवा मी परकंच म्हंटलं त्याला. खोटं कशाला सांगू. घरचा अर्थ मागनं सुचला म्हणून काय झालं, त्याच्या कानात पैलाच गेला न्हवं?"

कृष्णात, ते दारातलं आबांचं चित्रण शिवानीकडे आहे. तिने शपथेवर सांगितलंय, तू हो म्हटल्याशिवाय ती ते पिक्चरात घेणार नाही, नटाचंच घेईल. धैर्या, यात तुझं मत आता मी मागत नाही. तुला बहीण नको असेल तर तेही मी ऐकून घेईन, पण समोर येऊन सांग. नाहीतर मी येते तेव्हा सांग.

कारण आम्ही येतोय. आबांनी काल बाजारातून नव्या गुऱ्हाळाचा गूळ आणला. ढेप फोडून खडे केले आणि किटलीत भरले, झाकण बसेना म्हणून दोन खडे काढून मला दिले. मी म्हटलं, गडमुडशिंगीला बाळाबाईंकडे जायचं का? म्हणाले, "तिच्याकडं नंतर. आधी ज्याच्या हातनं आली त्याच्या हातात." मिरजेहून सोळा तारखेची गाडी आहे, सतराला पोहोचू. डेअरीवर आता ते नवा स्टीलचा डबा घेऊन जातात. डाळ मी पुन्हा पिशवीत काढून ठेवलीय.

तुम्हाला आधी कळवू नये असं मला वाटत होतं. दार बंद राहिलं तर? आबा म्हणाले, "कळव. न सांगता गेलो तर त्याला तोंड लपवायला जागा ऱ्हाणार न्हाई. मला त्यानं दिली होती, मान खाली घालून."

आत्ता मी हे लिहिताना ते शेजारी बसलेत. चष्मा नाही, त्यामुळे वाचता येत नाही, पण पेन थांबलं की विचारतात, काय झालं. मी विचारलं, शेवटी काय लिहू?

"पावणं यायलेत म्हणून लिव्ह."

"कुठले पावणं?"

"ते मी कसं सांगू? दार उघडणारा ठरवंल."

आक्का